पिन बसली म्हणजे जमलं असं नसतं!

लॅपटॉप जुना, चार्जर बंद पडलेला, सबमिशन उद्या आणि रूममेटचा चार्जर हाताशी. लावायचा की नाही? लावण्याआधी दोन मिनिटं काढून नेमकं काय बघायचं, ते माझ्या एका फसलेल्या रात्रीच्या निमित्ताने.

रात्रीचे साडेअकरा. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता डॉक्युमेंटरीचं सबमिशन. टाइमलाइनवर अजून सहा मिनिटांचं फुटेज कापायचं बाकी आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात बॅटरी १२ टक्के. चार्जर लावलेला होता, पण त्याचा छोटा हिरवा दिवा कधी विझला ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सॉकेट बदलून बघितलं, वायर हलवून बघितली, चार्जरवर एक चापटही मारून बघितली. दिवा काही लागला नाही.

मग आपण सगळे जे करतो तेच मी केलं. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला, 'अर्जंट! कुणाकडे लॅपटॉपचा चार्जर आहे का?' पुण्यात सदाशिव पेठेत राहण्याचा एक फायदा असतो. रात्री साडेअकराला सगळी बिल्डिंग जागी असते आणि सगळ्यांचं काही ना काही सबमिशन असतं. दहा मिनिटांत माझ्या गादीवर चार चार्जर येऊन पडले.

पहिल्याचं टोक चपटं, आयताकृती. बसायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्याची पिन माझ्या लॅपटॉपच्या भोकात खुळखुळ्यासारखी वाजली. तिसरी आत जाईचना. चौथी मात्र 'टक्' करून अशी बसली, की मी अक्षरशः देवाचे आभार मानले. लॅपटॉपवरचा दिवा लागला. आणि मग काळ्या स्क्रीनवर एक सूचना आली. चार्जरचा प्रकार ओळखता येत नाही, बॅटरी चार्ज होणार नाही, लॅपटॉपचा वेग कमी केला जाईल, असा तिचा मतलब.

लॅपटॉप चालू राहिला, पण गोगलगायीसारखा. एक कट मारला की अर्धा मिनिट वाट बघायची. बॅटरी १२ ची १३ झाली नाही. मी मनातून घाबरले होते, कारण हा लॅपटॉप आईने भिशीच्या पैशातून घेऊन दिलेला. सेकंडहँड असला तरी आमच्या घरातला पहिला लॅपटॉप. चुकीचा चार्जर लावून मी तो जाळला की काय, हा एकच विचार रात्रभर डोक्यात होता. डॉक्युमेंटरी नऊ पन्नासला अपलोड झाली. त्यानंतर खरी गोष्ट सुरू झाली.

दुपारी मी लॅपटॉप घेऊन एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथल्या काकांनी त्यांचा युनिव्हर्सल चार्जर लावला. लॅपटॉप सुरू झाला, पण चार्जिंग नाही. 'मॅडम, बोर्डाचा चार्जिंग सेक्शन गेलाय. साडेपाच हजार होतील.' मी 'घरी विचारून सांगते' म्हणून बाहेर पडले आणि आईला फोन लावायच्या आधी कॉलेजच्या एडिट लॅबमधल्या दादांना गाठलं. त्यांनी लॅपटॉप उघडलाच नाही. उलटा केला, खालचं लेबल वाचलं आणि विचारलं, 'रात्री लावलास त्या चार्जरवर काय लिहिलं होतं?'

मी वाचलंच नव्हतं. तुम्ही तरी कधी वाचलंय?

आधी लेबल, मग पिन

चार्जर म्हणजे खरं तर ॲडॅप्टर. भिंतीतली २३० व्होल्टची एसी वीज घेऊन लॅपटॉपला झेपेल अशी कमी व्होल्टची डीसी वीज देणं, हे त्याचं काम. बॅटरी किती आणि कशी भरायची हे लॅपटॉपच्या आतलं सर्किट ठरवतं.

ॲडॅप्टरच्या पोटावर बारीक अक्षरांत बरंच काही छापलेलं असतं. त्यातली 'इनपुट'ची ओळ आपल्याकडे काळजी करण्यासारखी नसते. जवळजवळ सगळ्यांवर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असंच असतं. अमेरिकेतून आलेल्या ताईचा चार्जर पुण्यात चालतो तो याच ओळीमुळे. आपल्याला हवी ती 'आउटपुट'ची ओळ. तिथे दोन आकडे असतात. व्होल्ट आणि अँपिअर. दोघांचा गुणाकार केला की वॅट मिळतात. १९.५ व्होल्ट गुणिले ३.३४ अँपिअर म्हणजे साधारण ६५ वॅट. १९.५ गुणिले ४.६२ म्हणजे ९० वॅट. १९ गुणिले ३.४२ म्हणजे पुन्हा ६५ वॅट. जुन्या लॅपटॉपच्या दुनियेत हे तीन-चार आकडे तुम्हाला सतत भेटतील.

आता लॅपटॉप उलटा करा. त्याच्याही खाली त्याला किती व्होल्ट, किती अँपिअर लागतात ते लिहिलेलं असतं. सेकंडहँड लॅपटॉपचं लेबल पुसलेलं असेल आणि बॅटरी बाहेर निघणारी असेल तर ती काढून खाली बघा. तिथेही नसेल तर मॉडेल नंबरवरून कंपनीचं मॅन्युअल शोधा. या दोन लेबलांची पत्रिका जुळवणं, एवढंच आपलं काम.

व्होल्ट जुळलाच पाहिजे

पत्रिकेतला हा गुण सोडून चालत नाही. लॅपटॉपला १९.५ व्होल्ट हवे असतील तर ॲडॅप्टरही तेवढ्याचाच हवा. १९ आणि १९.५ यांच्यात अडीच टक्क्यांचा फरक आहे. एवढा फरक बहुतेक लॅपटॉप चालवून घेतात. त्यापलीकडे अंतर गेलं तर मॅन्युअल बघितल्याशिवाय लावू नका.

पण हे १९ कुठून आलं? लॅपटॉपच्या बॅटरीत लिथियम-आयनचे सेल ओळीने जोडलेले असतात. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर जातो. चार सेल ओळीत असतील तर १६.८ व्होल्ट. टाकी भरायची तर पाणी टाकीपेक्षा उंचावरून यायला हवं, तसंच हे. १६.८ व्होल्टपर्यंत भरायचं तर ॲडॅप्टर त्याच्या वरचा हवा. म्हणून १८.५, १९, १९.५, २० अशा आकड्यांच्या आसपास सगळ्या कंपन्या फिरत राहिल्या.

सगळ्या जुन्या लॅपटॉपना मात्र हा नियम लागू नाही. २००५ पर्यंतच्या थिंकपॅडना १६ व्होल्ट लागायचे. २००६ मध्ये टी-६० मॉडेल आलं तेव्हा ते २० व्होल्टवर गेले आणि पिनही बदलून जाड झाली. त्यामुळे २० चा ॲडॅप्टर १६ वाल्यात बसूच शकत नव्हता. आकार वेगळा ठेवण्यामागे कधीकधी असं शहाणपणही असतं. ॲपलच्या जुन्या मॅगसेफमध्येही ४५, ६० आणि ८५ वॅटच्या ॲडॅप्टरचे व्होल्ट वेगवेगळे होते, पण तिथे लॅपटॉप आणि चार्जर आधी एकमेकांना ओळखतात. साध्या गोल पिनमध्ये अशी ओळखपाळख नसते. जे येईल ते थेट आत जातं.

व्होल्ट जास्त झाला तर काय होतं, याचा प्रयोग आमच्या फ्लॅटमध्ये झालेला आहे. मागच्या वर्षी वाय-फाय राउटरचा ॲडॅप्टर सापडत नव्हता. एका रूममेटने लॅपटॉपचा जुना ॲडॅप्टर उचलला. पिन बसली. राउटर १२ व्होल्टचा, ॲडॅप्टर १९ चा. राउटरचे सगळे दिवे एकदा लागले, जळका वास आला आणि अख्ख्या फ्लॅटचं इंटरनेट आठवडाभर गेलं. राउटर, सीसीटीव्ही, काही मॉनिटर, बाहेरून लावायच्या काही हार्ड डिस्क यांच्या पिना लॅपटॉपच्या पिनांसारख्याच दिसतात. त्यामुळे ड्रॉवरमधला कुठलाही काळा ॲडॅप्टर कशालाही लावणं बंद करा.

आणि व्होल्ट कमी असेल तर? कधी लॅपटॉप सुरूच होत नाही. कधी होतो, पण बॅटरी भरत नाही. शिवाय तेवढेच वॅट मिळवण्यासाठी तो जास्त अँपिअर ओढू पाहतो. ६५ वॅट १९.५ व्होल्टवर हवे असतील तर ३.३३ अँपिअर पुरतात, १६ व्होल्टवर मात्र ४ च्या वर लागतात. म्हणजे ॲडॅप्टर तापणार.

अँपिअर जास्त चालतो, कमी नाही

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. '९० वॅटचा चार्जर ६५ वॅटच्या लॅपटॉपला लावला तर जळेल ना?' नाही. मेसच्या डब्यात दहा पोळ्या आल्या म्हणून तुम्ही दहाही खाता का? भूक चारची असेल तर चार खाता, बाकीच्या डब्यात राहतात. ॲडॅप्टरवरचा अँपिअरचा आकडा म्हणजे डब्यात जास्तीत जास्त किती पोळ्या आहेत, तो. खायच्या किती ते लॅपटॉप ठरवतो. व्होल्ट तोच असेल तर जास्त अँपिअरचा ॲडॅप्टर बिनधास्त लावा. उलट तो कमी तापेल.

उलटा प्रकार मात्र टाळा. ९० वॅटच्या लॅपटॉपला ६५ चा ॲडॅप्टर लावून व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंग सुरू केलंत, की चार पोळ्यांच्या डब्यावर सहा जणांना बसवल्यासारखं होतं. चांगला ॲडॅप्टर अशा वेळी स्वतःहून बंद पडतो. स्वस्तातला तापत राहतो, तोही बहुतेक वेळा गादीवर उशीखाली.

पिनच्या मिलीमीटरमधली गंमत

जुन्या लॅपटॉपच्या गोल पिनला दोन मापं असतात. बाहेरचा व्यास आणि आतला व्यास. असूसच्या अनेक जुन्या मॉडेलची पिन बाहेरून ५.५ आणि आतून २.५ मिलीमीटर. एसरच्या अनेकांची बाहेरून तेवढीच ५.५, पण आतून १.७. बाहेरून बघून कुणी वेगळं ओळखून दाखवावं! डेल आणि एचपीच्या जुन्या मॉडेलची ७.४ मिलीमीटरची जाड पिन, मधोमध एक सुई. दोन्ही कंपन्यांच्या नंतरच्या मॉडेलमध्ये ती ४.५ मिलीमीटरची झाली. लेनोवोने २०१३ च्या सुमारास चपटं, आयताकृती टोक आणलं. माझ्या गादीवरचा पहिला चार्जर तोच.

ढिली पिन 'चालतंय ना' म्हणून वापरू नका. हलली की ठिणगी पडते, तापते आणि शेवटी लॅपटॉपच्या आतलं सॉकेट सुटतं. मग दुरुस्ती ॲडॅप्टरपेक्षा महाग पडते.

लेबलवर आणखी एक छोटं चित्र असतं. मध्ये ठिपका, भोवती अर्धगोल, एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला उणे. लॅपटॉपमध्ये साधारणपणे आत अधिक, बाहेर उणे. पण सगळ्याच उपकरणांत असं नसतं. कॉलेजच्या बँडमध्ये असाल तर लक्षात ठेवा, गिटारच्या बहुतेक इफेक्ट पेडलमध्ये नेमकं उलटं असतं. ही दोन चित्रं जुळली नाहीत तर थांबायचं.

मधली सुई म्हणजे चार्जरचं आयकार्ड

आता माझ्या रात्रीचं कोडं. पिन बसली होती. नंतर लेबल बघितलं तर व्होल्टही बरोबर होते, वॅटही. मग चार्जिंग का नाही?

उत्तर त्या मधल्या सुईत होतं. तिच्यातून वीज जात नाही, ओळख जाते. डेलच्या ॲडॅप्टरमध्ये एक छोटी मेमरी चिप असते. 'मी अमुक वॅटचा आहे' हे ती सुईतून लॅपटॉपला सांगते. एचपीचीही मधली पिन हेच काम करते, पण त्यांची सांगायची पद्धत वेगळी. म्हणजे दोघांची पिन एकमेकांत बसते, पण भाषा वेगळी. ओळख पटली नाही की लॅपटॉप सावध होतो. थोडीशी वीज घेऊन चालू राहतो, वेग कमी करतो आणि बॅटरी भरायचं टाळतो. कॉलेजच्या गेटवर आयकार्ड नसेल तर वॉचमन काका बाहेरच्या बाकावर बसू देतात, आत सोडत नाहीत, तसंच.

म्हणजे माझा लॅपटॉप बिघडला नव्हता. नियमाप्रमाणे वागत होता. दुकानातल्या युनिव्हर्सल चार्जरकडेही हे आयकार्ड नव्हतं, म्हणून तिथेही तेच झालं. काकांनी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. पण मूळ चार्जर लावून बघण्याआधी बोर्ड गेला असं सांगणं महागात पडलं असतं, तेही आईला.

या सुईची तार फार नाजूक असते. वायर पिनपाशी सतत वाकवली की ती आधी तुटते आणि जाड तारा शाबूत राहतात. मग लॅपटॉप चालतो, पण चार्ज होत नाही, आणि आपण बॅटरीला दोष देत नवी बॅटरी आणतो. त्याआधी त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॅटचा चार्जर मित्राकडून आणून पाच मिनिटं लावून बघा.

मग टाइप-सी आलं की प्रश्न संपला?

बराचसा. यूएसबी टाइप-सीच्या पॉवर डिलिव्हरी पद्धतीत चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. मग लॅपटॉप आणि चार्जर बोलतात आणि ठरल्यावरच ९, १५ किंवा २० व्होल्ट येतात. म्हणून चुकीचा चार्जर लावला तरी सहसा फार तर चार्जिंग हळू होतं किंवा होत नाही. युरोपियन युनियनने सगळ्यांसाठी एकच टाइप-सी चार्जिंग पोर्ट सक्तीचं करताना फोनसाठी २८ डिसेंबर २०२४ आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली, ती याचसाठी.

तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे त्यातून चार्जिंग होतंच असं नाही. जुन्या मॉडेलमध्ये ते फक्त डेटासाठीही असतं. दोन, फोनच्या चार्जरवर '६५ वॅट' वाचून हुरळून जाऊ नका. १० व्होल्ट गुणिले ६.५ अँपिअर म्हणजेही ६५ वॅटच होतात, पण २० व्होल्ट मागणाऱ्या लॅपटॉपला त्याचा उपयोग नाही. लेबलवर २० व्होल्टची ओळ आहे का ते बघा. तीन, ६० वॅटच्या वर जायचं असेल तर केबलही ५ अँपिअरची लागते.

विकत घ्यायचाच असेल तर

तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर 'ओरिजिनलसारखा' ॲडॅप्टर मागाल तेवढ्या किमतीत मिळतो. घेताना लॅपटॉप सोबत न्या आणि तिथेच लावून बॅटरी भरते का ते बघा. भारतात लॅपटॉपच्या ॲडॅप्टरला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर 'आर' अक्षरापुढे आठ आकडी नंबर असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की नोंदणी खरी आहे का आणि कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. दुकानदारासमोर फोन काढून नंबर तपासायला लाजू नका. पैसे आपले आहेत.

व्होल्ट बदलायचं बटण असलेला युनिव्हर्सल ॲडॅप्टर घेतलात तर आधी व्होल्ट सेट करा, मगच पिन लावा. बॅगेत फिरताना ते बटण सरकतं. आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये जावा म्हणून कन्व्हर्टर लावू नका. अर्थिंग तुटतं आणि लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात.

चार्जर उसना घेताना : पाच प्रश्न

१. दोन्ही लेबलांवरचे व्होल्ट सारखे आहेत का? फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर नको.

२. ॲडॅप्टरचे अँपिअर लॅपटॉपच्या आकड्याइतके किंवा जास्त आहेत का?

३. पिन घट्ट बसते का? जोर लावावा लागत असेल किंवा खुळखुळत असेल तर नको.

४. अधिक-उणेचं चित्र जुळतं का?

५. पिनमध्ये सुई असेल तर ॲडॅप्टर त्याच कंपनीचा आहे का?

आणि माझा चार्जर?

लॅबमधल्या दादांनी हे सगळं समजावून झाल्यावर विचारलं, 'तुझा स्वतःचा चार्जर आणलायस का?' मी बॅगेतून काढून दिला. त्यांनी ॲडॅप्टरपासून भिंतीकडे जाणारी वायर उपसली. तीच, जिच्या टोकाला तीन भोकं असतात आणि जिला सगळे 'मिकी माऊस' म्हणतात. दुसऱ्या चार्जरची तशीच वायर लावली. हिरवा दिवा लागला. लॅपटॉपला जोडला. चार्जिंग सुरू.

ॲडॅप्टर ठीक होता. बोर्ड ठीक होता. बॅटरी ठीक होती. गेली होती ती फक्त ती वायर. ही वायर कुठल्याही कंपनीची, त्याच टोकाची असेल तर दुसऱ्याला चालते. मी नवी घेतली, १२० रुपयांना.

त्या रात्री माझ्या गादीवर चार चार्जर पडले होते. म्हणजे चालू असलेल्या तीन-चार मिकी माऊस वायरी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मी पिना बसवत बसले होते. आईला फोन केला, पण तो 'सबमिशन झालं' एवढं सांगायला. साडेपाच हजारांची गोष्ट तिला आता हे पान वाचूनच कळेल.

तुम्ही मात्र आज एक काम करा. लॅपटॉप आणि चार्जर उलटे करा, दोन्ही लेबलांचे फोटो काढा आणि फोनमध्ये ठेवा. रात्री साडेअकराला बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.